घरचा बिनतारी राउटर : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची संधी विद्यार्थ्यास पाचवीत असताना एकदाच मिळते, हे शिक्षकबंधुभगिनींस सांगावयास नको. गोंदिया जिल्ह्याचे हे विद्यालय नवेगाव बांध येथेच आहे. त्या परिसरातील मुलांना ते परके नाही. परंतु तेथे पोहोचण्याची वाट आता संकेतस्थळावरील अर्जातून जाते, आणि ही वाट पुष्कळदा गुरुजींच्या घरच्या एका लहानशा पेटीतून निघते. ही पेटी म्हणजे बिनतारी राउटर होय. ती बिघडली असता काय करावे आणि तिच्या जागी दुसरी घ्यावयाची झाल्यास कशी निवडावी, याविषयी चार उपयुक्त गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक नवेगाव बांधजवळच्या एका टोलीवर राहतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी, ते आपल्या वर्गातील एका मुलीचा अर्ज भरावयास बसले. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, मुलीचे छायाचित्र, तिची व पालकांची सही असे सर्व सिद्ध होते. मजकूर भरून झाला. परंतु छायाचित्र चढवू लागताच जोडणी तुटे. पुन्हा जुळे, पुन्हा तुटे. मुलीचे वडील तलावावर मासेमारी करणारे. ते ओट्यावर बसून होते. ‘गुरुजी, होईल ना?’ असे त्यांनी दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले नाही. अखेर रात्री साडेदहाच्या सुमारास तिघेही तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहिले. तेथे भ्रमणध्वनीस बरी रेंज मिळते. अर्ज गेला, नोंदणी क्रमांक आला.

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी गाव गाठून नवा राउटर आणला. दुकानदाराने जो पुढे केला तो घेतला; त्यास चार शिंगे होती, एवढेच त्यांनी पाहिले. सायंकाळी जोडणी पुन्हा पूर्वीसारखीच तुटू लागली.

येथे थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे आपण मुलांना सांगतो. या भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवीत आला आहे. बांधीत पाणी येईनासे झाले तर तो काय करतो? तो बांधी मोडून नवी घालीत नाही. तो प्रथम तलावाकडे जातो, पाणी आहे की नाही ते पाहतो. मग तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, उघडे आहे की नाही ते पाहतो. नंतर पाटाच्या कडेकडेने चालत येतो. कोठेतरी खेकड्याने भोक पाडलेले असते, किंवा वरच्या शेजाऱ्याने पाणी वळविलेले असते. बिघाड शोधण्याची ही रीत शाळेत शिकविली जात नसली तरी शास्त्रशुद्ध आहे, आणि राउटरच्या बाबतीतही तीच लागू पडते.

घरी येणाऱ्या जोडणीतही असेच टप्पे आहेत. खांबावरून काचेच्या तंतूची तार घरात येते. ती एका पेटीत शिरते. ही पेटी प्रकाशाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करते व सामान्यतः सेवा पुरविणाऱ्या कंपनीची असते. तिच्यापासून तांब्याच्या लहान तारेने राउटर जोडलेला असतो, आणि राउटर तो संकेत हवेतून भ्रमणध्वनीकडे पाठवितो. पुष्कळ घरी या दोन्ही पेट्या एकाच खोक्यात असतात. या प्रत्येक टप्प्याची परीक्षा पैसा खर्च न करता होते. तंतूच्या पेटीवर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा असावयास हवा; ‘लॉस’ हा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला तर प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी जगातील सर्वोत्तम राउटर आणला तरी उपयोग नाही. हिरवा दिवा स्थिर असेल तर संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेने चालते आणि हवेतून चालत नाही, तर दोष बिनतारी भागात किंवा राउटर ठेवण्याच्या जागेत आहे. राउटरवरील सर्वच दिवे मधूनमधून विझून पुन्हा लागत असतील तर प्रथम त्याच्या वीजपुरवठ्याच्या अडॅप्टरचा संशय घ्यावा. काही वर्षे सतत तापून हे अडॅप्टर दुर्बल होतात, आणि निर्दोष राउटर विनाकारण अडगळीत जातो. दुसरा अडॅप्टर लावताना व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच असावा, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा, आणि पिनेच्या ध्रुवांची खूण जुळावी. बारा व्होल्टच्या जागी नऊ चालून जातील, असे अनुमान करू नये.

आमच्या गुरुजींची तंतूची पेटी कपाटावर, पडद्यामागे होती. तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. चार दिवसांनी पाहिले, तेव्हा लाल दिवा लागत होता आणि विझत होता. तार खिडकीतून आत घेतलेली होती. डासांमुळे सायंकाळी खिडकी लावली की झडपेखाली ती दबे आणि वाऱ्याने झडप हलली की दिवा लाल होई. काचेचा तंतू तीव्र कोनात वाकला असता त्यातील प्रकाश बाहेर निसटतो. तंतू तुटावयासच हवा असे नाही. दिवसा खिडकी उघडी, म्हणून दिवसा सर्व ठीक. नवा राउटर निर्दोष होता. जुनाही निर्दोष होता.

आता खरोखरच राउटर बदलावयाचा असेल तेव्हा काय पाहावे? तसा प्रसंग गुरुजींवर पुढच्याच वर्षी आला. वळवाच्या पावसात जवळच वीज कोसळली आणि तो चार शिंगांचा राउटर कायमचा मुका झाला. तेव्हा त्यांनी आम्हांस बरोबर नेले. आम्हीही पूर्वी एकदा सहा शिंगांचे यंत्र घेऊन फसलो होतो, म्हणून आमचा सल्ला निदान अनुभवाचा होता.

पहिली गोष्ट यंत्राच्या जातीची. दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या तीन वस्तू असतात : तंतूची पेटी, साधा राउटर आणि सिमकार्डावर चालणारा राउटर. तंतूची पेटी व राउटर एकाच खोक्यात असतील तर ते खोके परस्पर बदलता येत नाही, कारण त्याचा क्रमांक कंपनीकडे नोंदलेला असतो. कंपनीस कळवूनच ते बदलावे. मात्र त्याचा केवळ बिनतारी भाग दुर्बल असेल तर ते जागीच ठेवून त्याच्यापुढे तारेने एक साधा राउटर जोडावा. हा मार्ग बहुधा सर्वांत कमी कटकटीचा असतो.

शिंगांच्या, अर्थात अँटेनांच्या संख्येस भुलू नये. अशी उपकरणे किती शक्तीने संदेश प्रक्षेपित करू शकतात याची मर्यादा शासनाने ठरविलेली आहे. (एके काळी घरी रेडिओ ठेवण्यासही परवाना काढावा लागे, राउटर ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो तो २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील सवलत २०१८ मध्ये वाढविण्यात आली.) दुसरे असे की, हा संवाद दुतर्फी आहे. शिक्षकांचा आवाज खणखणीत असला म्हणून मागच्या बाकावरील मुलाचे हळू उत्तर ऐकू येते असे नव्हे. भ्रमणध्वनी हा तसा मागच्या बाकावरचा मुलगा आहे. त्याची शक्ती थोडी असते, आणि राउटरला त्याचे ऐकावे लागते.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आपल्या भिंतींचा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्‌झची सहाच्या आसपास. आखूड लहर वेगाने पुष्कळ माहिती नेते, परंतु भिंतीपुढे लवकर हार खाते. आपल्या भागातील दीड-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, आणि ओल या लहरींना शोषून घेते. धानाची पोती, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, टिनाचे छप्पर हे सर्व अडथळेच होत. यास्तव दोन्ही पट्टे असलेला राउटर घ्यावा. ज्या खोलीत राउटर आहे तेथे ५ चा आणि भिंतीपलीकडे २.४ चा उपयोग करावा. येथे एक बारकावा विक्रेते सांगत नाहीत. ‘वाय-फाय ५’ ही पद्धती केवळ ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी आहे. तशा राउटरचा २.४ चा पट्टा जुन्या, २००९ च्या ‘वाय-फाय ४’ पद्धतीनेच चालतो. ‘वाय-फाय ६’ मात्र दोन्ही पट्ट्यांत काम करते. जाड भिंतींच्या घरासाठी, किमतीत फार अंतर नसेल तर, ‘वाय-फाय ६’ घेणे आम्हांस शहाणपणाचे वाटते. अर्थात त्याचा पूर्ण लाभ त्याच पद्धतीचे भ्रमणध्वनी घेऊ शकतात.

खोक्यावरचा मोठा आकडा ही निव्वळ गोळाबेरीज असते. ‘१२००’ असे लिहिलेले असते ते एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट मिळवून, वर पूर्णांक करून. कोणत्याही एका भ्रमणध्वनीस एवढा वेग कधीच मिळत नाही. आपण कंपनीकडून ५० मेगाबिटची जोडणी घेतली असेल तर राउटर तिचे ५०० करणार नाही. तलावात जेवढे पाणी तेवढेच पाटात येणार. उलट, जोडणी १०० पेक्षा अधिक वेगाची असून राउटरच्या तारेच्या खाचा १०० मेगाबिटच्याच असतील, तर पैसे भरूनही वेग तेथेच अडतो. म्हणून या खाचांचा वेग विचारून घ्यावा.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र केवळ प्लॅस्टिक आणि तारांचा नाही. राउटर हा लहान संगणकच आहे, आणि त्याच्या आज्ञावलीत दोष सापडत राहतात. चांगला निर्माता त्यांची दुरुस्ती वेळोवेळी प्रसिद्ध करतो. वाईट निर्माता यंत्र विकले की विसरतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील असंख्य घरगुती राउटर व कॅमेरे काबीज केले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द लोकांनी न बदलल्यामुळे. आपल्या घरच्या जोडणीवरून विद्यार्थ्यांच्या नोंदी, जन्मतारखा, आधार क्रमांक जातात, हे ध्यानात घेता ही बाब क्षुल्लक मानता येत नाही. विकत घेण्यापूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या प्रतिमानाची शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी निघाली ते पाहावे. दोन-तीन वर्षांत काहीच निघाले नसेल तर ते यंत्र स्वस्त असले तरी सोडावे. सुरक्षेची ‘डब्ल्यूपीए २’ पद्धती किमान असावी, २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए ३’ असल्यास उत्तम.

अडॅप्टरवर भारतीय मानक संस्थेची खूण व नोंदणी क्रमांक असावा. पक्के बिल घ्यावे. हमी किती वर्षांची, आणि यंत्र बिघडल्यास ते गोंदियास न्यावे लागेल की नागपुरास, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वीज पडून झालेले नुकसान हमीत येते काय, तेही कागदावर वाचावे. बहुधा येत नाही. म्हणून आकाश गडगडू लागताच अडॅप्टर भिंतीतून काढावा आणि लांबवर नेलेली तांब्याची तारही सोडवावी. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, पण त्यास आधार देणारी पोलादी तार असू शकते. ती यंत्रापर्यंत आणू नये.

वीज जाण्याचा उपाय म्हणून लहान बॅटरीचा संच मिळतो. तो घेतल्यास राउटर आणि तंतूची पेटी या दोहोंना पुरवठा होईल असाच घ्यावा. एकीस पाणी आणि दुसरी कोरडी, असे झाल्यास खर्च व्यर्थ जातो.

गुरुजींनी अखेर दोन पट्ट्यांचा, मध्यम किमतीचा, दोनच शिंगांचा राउटर घेतला. पूर्वीचा राउटर त्यांच्या घरी देवळीत, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेला असे. नवा आता मधल्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर आहे. विजेने मेलेले यंत्र त्यांनी कचऱ्यात टाकले नाही, जुन्या विद्युत्‌वस्तू घेणाऱ्याकडे दिले. त्यांचा पहिला राउटर धडधाकट होता. त्यातील सर्व नोंदी व परवलीचा शब्द पुसून तो त्यांनी शाळेत नेला. मुलांनी भ्रमणध्वनीवर लहरींची तीव्रता मोजून भिंतीच्या अलीकडचे व पलीकडचे आकडे फळ्यावर मांडले. उणे ६० वरून उणे ७० होणे म्हणजे दहा अंशांनी घटणे नव्हे, तर एक दशांशच उरणे, हे समजावून सांगण्यात एक तास गेला. तो वाया गेला असे गुरुजींस वाटत नाही.

खिडकीच्या चौकटीस त्यांनी सुताराकडून एक भोक पाडून घेतले आहे. तार आता त्यातून सैल वळणाने आत येते, आणि सायंकाळी झडप पुरती लागते.