जीएसटीचा दर बदलला, जुनी बिलं का बिघडली?

व्हिडिओत घाईत राहिलेला मुद्दा इथे लिहितो.

२२ सप्टेंबर २०२५ ला अंगाचा साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. साखरखेर्ड्यातल्या माझ्या दुकानात मी वस्तूंच्या टेबलात थेट १८ खोडून ५ टाकलं. मग ऑगस्टचं बिल परत छापलं, तर त्यावरही ५ टक्के! बिल दर तिथूनच उचलत होतं. गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर एक, कागदावर दुसरा.

बरोबर क्रम असा:

१. आधी बॅकअप. बदल कॉपीवर करून बघा.
२. बिलाच्या टेबलात ‘दर’ हा नवा कॉलम जोडा.
३. जुन्या बिलांत त्या वेळचा दर भरा. बेरीज भरलेल्या रिटर्नशी जुळवा.
४. नवं बिल बनतानाच त्यात दर लिहिला जावा, छपाईही तिथूनच व्हावी.
५. मगच वस्तूचा दर बदला.

दर उद्या पुन्हा बदलेल. झालेलं बिल बदलता कामा नये.