खांदा निखळला, तर पगार कोण देणार?

सिडनीच्या पश्चिम उपनगरांतल्या आपल्या मराठी घरांतली काही मुलं आता क्रिकेट सोडून रग्बी लीगकडे वळली आहेत. क्लबच्या कुमार संघात निवड झाली की त्यांचे आईवडील मला फोन करतात, कारण माझा मुलगा त्या वाटेने जाऊन आला आहे. खेळू द्यावं का, असं विचारतात. जरूर खेळू द्या, असंच मी सांगते. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट लेखी मागून घ्या: मुलगा जायबंदी झाला तर त्याचा पगार आणि उपचारांचा खर्च कोण देणार, आणि कधीपर्यंत?

हा खेळ मूळ रग्बीतून वेगळा निघाला तोच या वादातून. उत्तर इंग्लंडमध्ये खाणीत आणि गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्याच्या दिवशी मजुरी बुडायची. ती भरून द्यायला रग्बीच्या संघटनेचा विरोध होता, म्हणून १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन तिथले क्लब बाहेर पडले. सिडनीत १९०७ मध्ये तेच घडलं. अ‍ॅलेक्स बर्डन हा केस कापून पोट भरणारा खेळाडू. खेळताना तो जखमी झाला, काम बंद पडलं आणि बुडालेल्या कमाईची भरपाई त्याला कुणी दिली नाही. त्यातून जी चळवळ उभी राहिली, तिची खलबतं व्हिक्टर ट्रंपरच्या दुकानात व्हायची. हो, तोच ट्रंपर, ऑस्ट्रेलियाचा मोठा फलंदाज. मला या इतिहासाचा अभिमान वाटतो, म्हणूनच पुढची गोष्ट जास्त लागते.

न्यू साउथ वेल्समध्ये आजही रग्बी लीगच्या खेळाडूची मैदानावरची दुखापत कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात बसत नाही. खेळाडूंसाठी वेगळी विमा योजना आहे, पण ती कायमच्या, गंभीर हानीसाठी. सहा महिने घरी बसवणाऱ्या खांद्यासाठी तिचा आधार धरू नका.

माझा मुलगा एकवीस वर्षांखालच्या संघात हुकर म्हणून खेळायचा. या जागेवरचा खेळाडू एका सामन्यात तीस-चाळीस टॅकल सहज करतो. त्या वयाच्या करारात पैसे बेताचेच, म्हणून दिवसा तो एका इलेक्ट्रिशियनकडे उमेदवारी करायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. हंगाम संपत आलेला असताना खांदा निखळला, ऑपरेशन झालं. करार ऑक्टोबरअखेर संपत होता. क्लबने तो वाढवला नाही. करारात लिहिलं होतं त्याबाहेर त्यांनी काहीच केलं नाही. माझ्या मते खरी काळजीची बाब हीच आहे. फिजिओथेरपीचा लांबलचक टप्पा नोव्हेंबरनंतरचा होता आणि त्याची बिलं घरी आली. त्यात, ज्या खांद्याने टॅकल करायचा त्याच खांद्याच्या जोरावर छताला ड्रिल लावायचं असतं. उमेदवारीही थांबली. खेळाचा पगार गेला तेव्हाच कामाचाही गेला.

खेळासोबत दुसरं काहीतरी हातात असू द्या, असं सगळेच सांगतात. बरोबरच आहे. पण ते दुसरं काम त्याच खांद्यावर अवलंबून असेल, तर घरात सहा महिन्यांची शिल्लक वेगळी ठेवा. हा हातकामाला कमी लेखण्याचा सल्ला नाही. मुलाने उमेदवारी पुढे पूर्ण केली आणि त्याच कामावर तो आज उभा आहे.

विम्याचं मात्र आधीच बघा. खासगी हॉस्पिटल विम्यात आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी बारा महिने थांबावं लागतं, म्हणजे खांदा कुरकुरू लागल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. सुपर फंडातून, म्हणजे निवृत्तीच्या निधीतून, मिळणारं विमासंरक्षण २०२० पासून पंचवीस वर्षांखालच्यांना बहुतेक वेळा आपोआप लागू होत नाही, ते मागून घ्यावं लागतं. मागताना खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, हेही लेखी विचारा. एजंट नोंदणीकृतच हवा. आणि करार त्याच्याशिवाय एखाद्या वकिलालाही दाखवा, कारण करार झाला तरच एजंटला पैसे मिळतात.

डोक्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. न्यू साउथ वेल्सचा कर्णधार बॉइड कॉर्डनर डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे २०२१ मध्ये २९ व्या वर्षी निवृत्त झाला. कँटरबरी क्लबचे खेळाडू आणि नंतरचे प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स २०१८ मध्ये ५९ व्या वर्षी गेले. त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी या विकाराचा संबंध आहे आणि त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. म्हणून आता नियम कडक झाले आहेत. एकोणीस वर्षांखालच्या मुलाला कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला इजा, झालं, तर किमान २१ दिवस सामना नाही, असं ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

पण मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, निवड संघाकडूनही खेळतो, आणि प्रत्येकाला फक्त आपल्याच मैदानावरचा धक्का माहीत असतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्याची तारीख घरी एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरकडे जाताना ती वही सोबत न्या आणि मुलगा ‘काही होत नाही’ म्हणाला तरी ती त्यांच्यासमोर ठेवा.