घरात दुसरी पेटी कोणती घ्यावी?

मंडळी, आमच्या घरी इंटरनेट आले. कंपनीच्या माणसाने ओसरीवर एक पेटी बसवली. तिला राउटर म्हणतात. ओसरीवर मोबाइल झकास चालू लागला. पण आमची नात मागच्या खोलीत अभ्यास करते. तिथे तिचा धडा काही उघडेना. परीक्षा तोंडावर आलेली. पोर रडकुंडीला आली.

आम्ही बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "मास्तर, दुसरा राउटर घेऊन जा." आम्ही खिशात हात घातला आणि थांबलो. आधी समजून घ्यावे, मग पैसा सोडावा.

राउटर काय करतो? कालव्यावरचा पाटकरी आठवा. पाणी एकाच पाटाने येते, शेते अनेक असतात. कोणाचे पाणी कोणाकडे सोडायचे, ते पाटकरी पाहतो. तसेच इथे आहे. बाहेरून तार एकच येते, घरात मोबाइल चार. राउटर प्रत्येक मोबाइलला एक नंबर देतो. ज्याचा मजकूर त्यालाच पोचवतो.

दुसरी एक पेटी मिळते. तिचे नाव ॲक्सेस पॉइंट. ती नंबर वाटत नाही. ती तारेने राउटरला जोडायची. तारेतून आलेला मजकूर ती हवेतून मोबाइलला देते. मोबाइलकडून आलेला मजकूर तारेत घालते. म्हणजे पाटकरी तोच, चारी तेवढी लांबवली.

एका पाटावर दोन पाटकरी कशाला? दोन्ही राउटर नंबर वाटू लागले, तर घोटाळा होतो. घरात जुना राउटर पडून असेल, तर मात्र तो टाकू नका. पुष्कळ राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणूनही चालतात. जाणत्या माणसाकडून तेवढा बदल करून घ्या.

आणखी एक गोष्ट. तिला पैसा लागत नाही. आमचा राउटर लोखंडी कपाटामागे होता. लोखंड, पत्रा आणि जाड भिंत यांतून वायफाय नीट जात नाही. आम्ही राउटर घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला. पुष्कळ फरक पडला. पण मागच्या खोलीपर्यंत दोन दगडी भिंती आहेत. तिथे अडलेच. मग आम्ही ॲक्सेस पॉइंट आणला आणि खोलीपर्यंत तार ओढली. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. घराला तेवढी पुरून उरते.

रात्री नात म्हणाली, "आजोबा, धडा उघडला!"

तेव्हा ध्यानात ठेवा. घरात राउटरच नसेल, तर राउटर घ्यावा. राउटर आहे पण लांबच्या खोलीत पोचत नाही, तर आधी त्याची जागा बदलावी. तरी भागले नाही, तरच ॲक्सेस पॉइंट घ्यावा.

सांगा पाहू :
१. मोबाइलला नंबर कोण देतो?
२. राउटर लोखंडी कपाटामागे का ठेवू नये?
३. तुमच्या घरात राउटरची जागा कोठे असावी?