‘रमणीय’ : अर्थ आणि उपयोग

विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘रमणीय’ हे विशेषण वारंवार आढळते. सूर्योदय रमणीय, बाग रमणीय, सहलही रमणीयच! शब्द पाठ झालेला असतो. अर्थ मात्र हाती आलेला नसतो.

संस्कृत ‘रम्’ धातूस ‘अनीय’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. पठनीय म्हणजे पठणास योग्य. त्याप्रमाणे जेथे मन रमावे ते रमणीय. प्रत्ययातील ‘नी’ दीर्घ असल्याने ‘रमणिय’ हे लेखन अशुद्ध होय. पूर्वीच्या ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ होतो. ‘दर्शनीय’मध्ये ‘श’ आड येतो, म्हणून तेथे ‘न’ कायम राहतो. मुलांना हा धातू परका नाही. ‘बाळ खेळण्यात रमले’, ‘नव्या शाळेत तिचे मन रमेना’ असे घरोघरी बोलतात. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

नवी मुंबईतील उदाहरण घेऊ. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाहावयास आलेल्या पाहुण्यास ते दृश्य रमणीय वाटते. परंतु बेलापूरजवळच्या दिवाळे गावातील कोळ्याच्या मुलास तीच खाडी बापाच्या कष्टांची जागा आहे. ‘ओहोटीला चिखलात पाय रुततो, जाळे जड लागते’ असे त्याने लिहिले, तर ते खोडून ‘खाडी रमणीय आहे’ असे लिहावयास लावणे हा त्याच्या अनुभवावर अन्याय आहे. त्याचे मन कोठे रमते, हे त्यास विचारावे. भरतीच्या पाण्यावर डुलणारी होडी त्याने सांगितली, तर तेथे हा शब्द त्यास द्यावा.

जवळच्या शब्दांतील भेदही दाखवावा. ‘सुखद’ म्हणजे सुख देणारा. ‘जलद’ म्हणजे जल देणारा, अर्थात मेघ. म्हणून ‘सुखददायक’ ही द्विरुक्ती होय. वारा सुखद, बातमी सुखद. बातमी रमणीय नसते. जेवण रुचकर असते. ‘रम्य’ हा त्याच धातूचा शब्द, पण त्याचा संचार अधिक मोठा : रम्य बालपण, रम्य आठवणी. ‘रमणीय’ मात्र बहुधा स्थळालाच शोभते. ही सर्व विशेषणे लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

स्वाध्याय : गावातील आपले मन रमते अशा एका जागेविषयी पाच वाक्ये लिहावीत. पहिल्या चार वाक्यांत एकही विशेषण नसावे. पाचव्यात एकच असावे, आणि ते विद्यार्थ्याने स्वतः निवडावे.