डच शब्द शेवटाकडून वाचावा

नेदरलँड्समध्ये बस्तान बसवताना सरकारी पत्रं एकामागून एक येऊ लागतात. त्यांतली वाक्यं बहुधा आटोपशीर असतात, माणूस अडतो तो शब्दांपाशी. व्हरब्लाइफ्सव्हरखुनिंग, झॉर्खव्हरझेकरिंग, किंडरऑपफांगटूस्लाख असे शब्द वहीत लिहून पाठ करू नका, आधी शब्दाचं शेपूट पकडा, असं आम्स्टलव्हेन किंवा आइंडहोव्हनला मुरलेली मराठी कुटुंबं सांगतात. या सल्ल्याला व्याकरणाचा भक्कम आधार आहे. डच जोडनामात मुख्य पद शेवटी असतं आणि आधीची पदं त्याचं विशेषण होऊन येतात. व्हरखुनिंग म्हणजे परवाना, व्हरब्लाइफ म्हणजे वास्तव्य, म्हणून तो वास्तव्याचा परवाना. टूस्लाख म्हणजे सरकारी भत्ता. हे एक शेपूट ओळखलं की झॉर्खटूस्लाख आरोग्यविम्यासाठीचा, ह्यूरटूस्लाख घरभाड्यासाठीचा आणि किंडरऑपफांगटूस्लाख पाळणाघराच्या खर्चासाठीचा, हे उलगडत जातं. शाळेत शिकलेला आपला तत्पुरुष समास नेमका असाच चालतो, त्यामुळे इथे इंग्रजीपेक्षा मराठीचा आधार घेणं सोपं जातं.

शब्दाचं लिंगही शेवटचंच पद ठरवतं. देवघर नपुंसकलिंगी आणि राजवाडा पुल्लिंगी, कारण घर आणि वाडा तसे आहेत. डचमध्ये हाउस, म्हणजे घर, याला 'हेट' हे उपपद लागतं, पण हाउसआर्ट्स, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, याला 'द' लागतं, कारण आर्ट्स, म्हणजे डॉक्टर, याला 'द' लागतं. क्रियापदाला 'इंग' जोडून झालेली नामं 'द' घेतात. 'हाइट' हा भाववाचक प्रत्ययही तसाच. विमा, परवाना, कर, बिल या अर्थांचे शब्द 'इंग'नेच संपतात, म्हणून कागदपत्रांपुरता लिंगाचा अर्धा प्रश्न या एका प्रत्ययानेच सुटतो.

शब्द फोडून वाचण्याच्या या रीतीवर रास्त आक्षेप असा की सगळे शब्द असे फोडता येत नाहीत. स्खोनमूडर हा शब्द फोडला तर 'स्वच्छ आई' किंवा 'सुंदर आई' हाती लागते. खरा अर्थ सासू. आक्षेप खरा आहे, पण असे शब्द जुने, घरगुती आणि मोजके असतात, ते बोलण्यातून आपोआप कळतात. नगरपालिका, करखातं, विमा कंपनी यांच्या पत्रांतले शब्द गरजेपोटी घडवलेले असतात आणि तिथे फोड बहुधा दगा देत नाही. मोबाइलवरचं भाषांतर पुरेसं आहे, असंही म्हटलं जातं. पत्रापुरतं ते चालेल. पण रात्री मूल तापलं असताना फोनवर कुणी 'हाउसआर्ट्सनपॉस्ट' म्हणालं, तर तो दवाखान्याच्या वेळेबाहेरच्या डॉक्टरांचा थांबा आहे, हे कानानेच ओळखावं लागतं. कानाला मदत आघाताची: तो बहुधा पहिल्या पदावर पडतो, म्हणून जोराने उच्चारलेल्या अक्षरापाशी नवा शब्द सुरू झाला असं धरावं. कुठे तोडायचं याचा घोळ डच माणसांचाही होतो. व्हाल्काउल म्हणजे व्हाल आणि काउल, पडायचा खड्डा. चुकीच्या जागी तोडलं तर व्हाल्क आणि आउल, ससाणा आणि घुबड! अशा वेळी संदर्भच निवाडा करतो.

सांध्यातल्या ध्वनींचा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोन पदांमध्ये कधी 'स', कधी 'एन', कधी 'एर' येतो आणि त्याला पक्का नियम नाही. व्हरझेकरिंग्समातस्खापाय, म्हणजे विमा कंपनी, यात 'स' आहे, तर बेलास्टिंगडीन्स्ट, म्हणजे करखातं, यात नाही. 'इंग' मात्र दोन्हींत आहे. घोडा शब्दाचं घोडदौडीत 'घोड' होतं आणि घोडेस्वारात 'घोडे', तसाच हा वळणाचा भाग समजावा. वाचताना सांधा वगळला तरी अर्थ बिघडत नाही, लिहिताना शब्दकोश पाहावा. जोडनामाचे तुकडे मात्र इंग्रजीसारखे सुटे लिहू नयेत. डच लोक या चुकीला 'इंग्रजी रोग' म्हणतात, आणि नोकरीच्या अर्जात ती लगेच डोळ्यांत भरते.