कोंबड्या पावसाळ्यात का मरतात

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर दारात चार-सहा कोंबड्या असतातच, आणि त्यांच्याबद्दलचं एक मतही घरोघरी सारखंच असतं: गावरान कोंबडीला काही लागत नाही, ती उकिरडा उकरून पोट भरते. वर्षातले आठ महिने हे बऱ्यापैकी खरं ठरतं, म्हणूनच ते टिकून आहे. मृगापासून हस्तापर्यंत मात्र ते साफ चुकतं. त्या दिवसांत खुराडं रिकामं झालं की आपण ‘साथ आली’ म्हणतो आणि नशिबावर सोडून देतो. साथी येतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण माझं म्हणणं असं की साथ दारात येण्याआधीच ओल आणि उपासमार यांनी कोंबडी खचलेली असते. साथ आपल्या हातात नसेल, या दोन गोष्टी आहेत.

आधी ओल. भोर तालुक्यातच पाहा. वरंधा घाटाच्या बाजूला शिरगावकडे पाऊस दिवसेंदिवस हटत नाही, आणि पूर्वेला नसरापूर-किकवीकडे यावं तसा तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यात खुराडी दोन तऱ्हेची हवीत. पूर्वेकडे उन्हाळ्याची काळजी जास्त, पश्चिमेकडे पावसाची. ओलीत बळावते ती रक्ती हगवण. तिचे सूक्ष्म परजीवी आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच दुसऱ्याला लागण करू शकत नाहीत. त्यांना तयार व्हायला ऊब, ओल आणि एक-दोन दिवस लागतात. हीच आपली संधी आहे. खाली भातगिरणीतलं तूस तीन-चार इंच जाडीचं पसरून रोज हलवलं आणि ओलं झालेलं त्याच दिवशी काढून टाकलं, तर हे चक्र तिथेच अडखळतं. तूस कितपत ओलं आहे ते मुठीला कळतं. मूठभर घेऊन आवळा. हात उघडल्यावर ते सुटं झालं पाहिजे. गोळा तसाच राहिला तर बदलायची वेळ झाली. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, कारण निम्मी ओल पावसाने नाही, सांडलेल्या पाण्याने होते.

इथेच चांगल्या हेतूने एक मोठी चूक होते. पाऊस आत येऊ नये म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात. पाणी थांबतं, पण विष्ठेतून निघणारा अमोनियाही आतच कोंडतो. माणूस उभ्याने डोकावतो, त्याला ते जाणवत नाही. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर ती रात्रभर त्याच हवेत बसलेली आहे. डोळ्यांतून पाणी, घरघर, शिंका हे सगळं मग मागोमाग येतं. कारवीचा कुड असेल तर तो लिंपताना छपराखालची वीतभर जागा मोकळी सोडा आणि वळचण लांब काढा. वारा डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही.

आता पोटाचं. बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गांडुळं, कोवळा पाला, गवताचं बी असं सगळं मिळतं. पावसाने कोंडली की तिच्यापुढे पडते तांदळाची कणी आणि शिळा भात. कणीत 100 ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती 16 टक्क्यांच्या आसपास लागतात. कॅल्शियमचा हिशेब तर याहून वाईट. गावरान अंड्याच्या टरफलात दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि कणीत ते नावापुरतं, काही मिलिग्रॅम असतं. तरी काही दिवस अंडी येत राहतात, कारण कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. मग टरफल पातळ होतं, अंडं बसल्या जागी फुटतं, फुटलेलं खायची तिला चटक लागते आणि दोष कोंबडीच्या खोडीला जातो. उपाय बाजारच्या पोत्यातच आहे असं नाही. सुकट धुऊन, मीठ घालवून, वाळवून, कुटून थोडी द्या. मीठ तसंच ठेवू नका, कोंबडीला ते लवकर बाधतं. अंड्यांची टरफलं भाजून बारीक करा. शिंपल्यांचा चुरा, आणि पावसाळ्यात इथे मुबलक असणारी खेकड्यांची कवचंही वाळवून चालतील.

शेंगदाण्याची पेंड चांगली, पण पावसाळ्यात ती जिवावर बेतू शकते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, आणि कारण निघालं बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतलं विष, अफलाटॉक्सिन. तिकडच्या पेंडीत जे झालं ते आपल्या ओट्यावरच्या ओलसर पोत्यात सहज होतं. कुबट वास आलेलं खाद्य ‘कोंबड्या खातील’ म्हणून टाकू नका.

कोंडलेल्या कळपाचा स्वभावही बदलतो. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 च्या सुमारास मांडलं. अंगणात खालच्या पायरीवरची कोंबडी बाजूला सरकून दुसरीकडे चरते. खुराड्यात तिला जागाच नसते. म्हणून खाद्याचं एक मोठं भांडं ठेवण्यापेक्षा एकमेकांपासून दूर दोन-तीन ठेवा. टोचून रक्त निघालेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी काढा, लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत. नवी तलंग आणायची तर एकटी आणू नका, आणि आठवडाभर जाळीआड ठेवून मगच मिसळा. शक्यतो हे काम पावसाळ्याआधीच उरका.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आपल्या आज्यांनी यातलं काहीच केलं नाही, तरी कोंबड्या होत्याच. होत्या, पण त्यांच्या मागे गोठाभर जनावरं होती, शेणातले किडे होते, खळ्यावर सांडलेलं धान्य होतं. आता मळणी यंत्रावर होते आणि गोठे रिकामे होत चाललेत. शिवाय तेव्हा बारा पिल्लांतली चार जगली तरी कोणी तोटा मोजत नव्हतं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. पूर्ण खुराक विकत घेतला तर गावरान अंडं परवडणार नाही. पण तो पूर्ण द्यायचाच नाही. उघडीप असेल तेव्हा सोडा, आणि संध्याकाळी झाकताना प्रत्येकी मूठभर मिश्रण द्या. त्या मुठीसाठी कोंबड्या वेळेवर घरी येतात, मुंगूस आणि रानमांजराच्या तावडीतून वाचतात, तो फायदा वेगळाच. गिरिराज, वनराज पाळणाऱ्यांनी मात्र हात सैल ठेवावा. त्या गावरानपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात, तेवढं त्यांना लागतंही, आणि त्या सहसा खुडूक होत नसल्याने रवणीसाठी एखादी गावरान ठेवावी लागतेच.

राहिली मानमोडीची साथ. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे, हे मनाशी पक्कं धरा. ‘सहा कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी कोण फोडणार’ हा प्रश्न खरा आहे. लस थंडीतच आणावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. मोझांबिक आणि टांझानियात हीच अडचण होती. तिथे उष्णता सोसणारी लस वापरून गावातल्याच माणसांना डोळ्यात थेंब टाकायला शिकवलं गेलं. आपल्याकडे निदान एवढं करता येईल की वाडीतल्या कोंबड्या साधारण एकाच वेळी रवणीला बसवाव्यात, म्हणजे पिल्लं एका आठवड्यात निघतील. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून दिवस ठरवा, डालग्यांत भरून सगळी पिल्लं एका ओट्यावर आणा आणि एक कुपी पुऱ्या वाडीला वापरा. पुढच्या मात्रांच्या तारखा तिथेच विचारून घ्या, आणि हे सगळं मृग लागण्याआधी झालेलं असू द्या.