करंगळी ‘मीडियल’ कशी?

प्रश्न : मनगटाच्या एक्स-रे अहवालात करंगळीकडील बाजूला ‘मीडियल’ म्हटले आहे. टेबलावर हात पालथा ठेवला, तर शरीराच्या मध्याकडे अंगठा येतो. अहवाल चुकला आहे का?

उत्तर : अहवाल बरोबर आहे. शरीररचनाशास्त्रातील दिशा रुग्ण त्या क्षणी कसा बसला आहे यावरून ठरत नाहीत, तर ताठ उभे शरीर, समोर नजर आणि पुढे वळलेले तळहात अशा एका प्रमाणस्थितीवरून ठरतात. या स्थितीत करंगळी मध्यरेषेच्या जवळ असल्याने ती मीडियल, तर अंगठा दूर असल्याने तो लॅटरल ठरतो. त्याचप्रमाणे धडाला जवळचे कोपर प्रॉक्झिमल आणि दूरचे मनगट डिस्टल असते.

तळहात पालथा करण्याच्या हालचालीला प्रोनेशन आणि उताणा करण्याच्या हालचालीला सुपिनेशन म्हणतात. ही हालचाल मनगटाची वाटली, तरी ती अग्रबाहूतील रेडियस व अल्ना या दोन हाडांमधील, कोपराजवळच्या आणि मनगटाजवळच्या सांध्यांत घडते. प्रोनेशनमध्ये अंगठ्याकडील रेडियस हे हाड अल्नावरून तिरपे ओलांडून जाते आणि सुपिनेशनमध्ये दोन्ही पुन्हा समांतर होतात. या हालचालीचे मोजमाप करताना कोपर 90 अंशांत वाकवून बरगड्यांशी टेकवतात, कारण हात सरळ असल्यास खांद्याचे फिरणेही त्यात मिसळते. दिशा प्रमाणस्थितीवरूनच ठरत असल्याने अहवाल वाचताना वाचकांनी आधी तळहात पुढे करून उभे राहावे आणि मगच दिशा ताडून पाहाव्यात.